शीर कुठून घ्यायची?

एमआरआयच्या रिपोर्टवर गुडघ्यातली एसीएल (दोन हाडांना जोडणारे एक लिगामेंट, म्हणजे बंध) तुटल्याचे छापून आले, की रुग्ण आणि त्याच्यासोबत आलेली माणसे डॉक्टरांना दोन प्रश्न हमखास विचारतात. ऑपरेशनला खर्च किती येईल, हा पहिला. आणि दुरुस्ती पकडून ठेवायला हाडात बसवायचा स्क्रू इंपोर्टेड घालणार ना, हा दुसरा. सांगली-मिरजेला उपचारासाठी येणाऱ्यांत तासगाव, विटा, इस्लामपूरकडचे लोक असतात, तसेच सीमेपलीकडच्या अथणी, जमखंडीकडचेही असतात. बोली बदलते, पण प्रश्न बदलत नाहीत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. शस्त्रक्रिया करणारे सर्जन वेगळे. त्यांनी दुरुस्त केलेला गुडघा पुढचे वर्षभर माझ्या हाताखाली असतो, आणि त्या वर्षभरात जे जे कुरकुरते, दुखते, कमी पडते, ते पाहिल्यावर मला सतत वाटत राहते, की या दोन प्रश्नांच्या आधी एक तिसरा प्रश्न विचारला जायला हवा होता. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायची नवी शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी शीर) जर माझ्याच शरीरातून काढणार असाल, तर ती कुठून काढणार, आणि ती काढल्यावर त्या जागी काय कमी होणार? एसीएल दुरुस्तीच्या पद्धतींची तुलना म्हणून जे काही लिहिले-बोलले जाते, त्याचा गाभा मला या प्रश्नात दिसतो. बाकीचा बराचसा भाग हत्यारांचा आणि कंपन्यांचा आहे.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या मध्यभागी मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना तिरपे जोडणारा बंध. त्याची लांबी जेमतेम ३२ ते ३८ मिलिमीटर. नडगी पुढे सरकू न देणे आणि पाय रोवून शरीर वळवताना गुडघा आतल्या आत फिरू न देणे, ही त्याची दोन कामे. कबड्डीत चढाई करणारा मुलगा मध्यरेषेकडे झेपावता झेपावता दिशा बदलतो, चवडा जमिनीवर रुतलेला राहतो, गुडघा आत झुकतो आणि 'फट्' असा आवाज त्याला स्वतःला ऐकू येतो. दोन-चार तासांत सांधा रक्ताने भरून टम्म सुजतो. बहुतेक वेळा समोरच्याने धक्काही दिलेला नसतो. मुलींमध्ये उडीवरून उतरताना हेच घडते आणि त्याच खेळातल्या मुलांपेक्षा त्यांच्यात याचे प्रमाण अधिक असते. काही आठवड्यांनी सूज ओसरते, माणूस सरळ रस्त्याने नीट चालू लागतो आणि बरे झाले असे समजतो. मग एके दिवशी अंगणात कोणी हाक मारली म्हणून तो गर्रकन वळतो आणि गुडघा सटकतो.

सटकणारा प्रत्येक गुडघा शस्त्रक्रियेकडेच जायला हवा असे मात्र नाही, आणि हे फिजिओथेरपिस्टने सांगितले की लोकांना ते धंद्याचे बोलणे वाटते, म्हणून एका चाचणीचा आधार देते. स्वीडनमध्ये १८ ते ३५ वयाच्या १२१ जणांना दोन गटांत विभागले गेले: एका गटाची लवकर शस्त्रक्रिया केली, दुसऱ्याला नुसता व्यायाम देऊन, गरज पडली तरच शस्त्रक्रिया करायची असे ठरवले. या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, पुढे पाच वर्षांचेही आले. पाच वर्षांअखेर दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्या लोकांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती, आणि गुडघ्याचे दुखणे, काम, खेळ यांच्या मोजमापात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. या चाचणीत व्यावसायिक खेळाडू घेतलेले नव्हते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दुकानात बसणाऱ्या चाळिशीच्या माणसाला मी आधी तीन महिने मनापासून व्यायाम करायला सांगते. पैलवानाला, कबड्डीपटूला किंवा ज्याचा गुडघा साध्या चालण्यातही पुन्हा पुन्हा सटकतो त्याला असे रेंगाळत ठेवणे मला मान्य नाही, कारण प्रत्येक सटकण्यात आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, थोडी थोडी फाटत जाते आणि गेलेली गादी परत येत नाही.

तुटलेले लिगामेंट सरळ शिवून का टाकत नाहीत, असे लोक विचारतात. विचार अगदी रास्त आहे आणि सुरुवातही तिथूनच झाली. इंग्लंडमधल्या लीड्स येथे मेयो रॉबसन या सर्जनने १८९५ मध्ये एका खाणकामगाराचे फाटलेले बंध कॅटगटच्या, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेल्या धाग्याच्या, टाक्यांनी शिवले, आणि पुढे तो माणूस कामावर परतला. तरीही विसाव्या शतकात हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरून पाहिल्यावर निराशा पदरी आली. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या लष्करी कॅडेटांच्या शिवलेल्या गुडघ्यांचा पाच वर्षांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात बहुतेकांचे गुडघे पुन्हा सैल झालेले आढळले. कारण पुढे उलगडत गेले. कातडी कापली की जखमेत रक्ताची गाठ धरते आणि त्या गाठीच्या आधारावर नवी ऊती तयार होते. गुडघ्याच्या आत सांध्याचे वंगण सतत फिरत असते, ते ही गाठ टिकूच देत नाही. त्यामुळे फाटलेली दोन टोके शेजारी शेजारी ठेवूनही एकमेकांना धरत नाहीत. बोस्टनच्या डॉ. मार्था मरे यांनी नेमकी हीच अडचण सोडवायला घेतली आणि गाईच्या ऊतींपासून केलेला कोलॅजन या प्रथिनाचा स्पंजासारखा तुकडा रुग्णाच्याच रक्तात भिजवून दोन टोकांच्या मध्ये बसवण्याची पद्धत विकसित केली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. त्या वेळी दुखापतीनंतर ५० दिवसांच्या आत आणि तुटलेल्या लिगामेंटचा नडगीकडचा बुंधा शाबूत असेल तरच ती करावी, अशी अट होती. आपल्याकडे ज्या सवडीने माणसे आधी मालिश, मग पट्टा, मग एमआरआय असा प्रवास करत येतात, ते पाहता अशी मुदत पाळणे हाच मोठा प्रश्न ठरेल. तरी ही वाट पुढे रुंद व्हावी असे मला फार वाटते, कारण तिच्यात दुसरीकडून काही काढावेच लागत नाही.

तोवर मात्र काढावेच लागते. ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ मध्ये मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या जाड पडद्याची एक पट्टी हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवून नवे लिगामेंट उभे केले. त्यानंतर हत्यारे पार बदलली, सांधा उघडण्याऐवजी दुर्बिणीतून काम होऊ लागले, पण हाडात बोगदा पाडून त्यातून शीर ओवायची हे मूळ तत्त्व शंभर वर्षे तेच आहे. मध्ये १९८० च्या दशकात शरीरातून काही न काढता कृत्रिम दोरे घालण्याचे प्रयोग झाले. कार्बन तंतू, गोर-टेक्स, डेक्रॉन असे बरेच काही वापरले गेले. त्यांचे तंतू घासून सुटले, त्या कणांनी सांध्याच्या अस्तराला सूज आणली आणि दोरे तुटले. मृत व्यक्तीने दान केलेली शीरही वापरता येते, पण तरुण आणि खेळत्या माणसांत ती अधिक वेळा तुटते असे दिसून आले आहे. म्हणून पंचविशीच्या आतल्या मुलासाठी फिरून फिरून त्याच्या स्वतःच्या शरीराकडेच यावे लागते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'सगळ्यात मजबूत शीर कोणती ती घाला', असे बरेच नातेवाईक सांगतात. प्रयोगशाळेत ताणून पाहिले, तर तरुण माणसाची मूळ एसीएल सुमारे २,१६० न्यूटन (न्यूटन हे बल मोजायचे एकक) इतक्या ओढीला तुटते. गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेची १० मिलिमीटर रुंदीची पट्टी सुमारे ३,००० न्यूटन सोसते आणि मांडीच्या मागच्या दोन शिरा दुमडून केलेली चौपदरी शीर ४,००० च्याही वर जाते. म्हणजे बसवण्याच्या दिवशी दोन्ही मूळ लिगामेंटपेक्षा भक्कमच असतात. मजबुतीवर निवड करण्यासारखे त्यात काही उरतच नाही. निवड करायची ती मागे राहणाऱ्या उणिवेवर.

वाटीखालची शीर घेणे ही जुनी आणि भरवशाची पद्धत. गुडघ्याच्या वाटीपासून नडगीपर्यंत जाणाऱ्या शिरेचा मधला तिसरा हिस्सा घ्यायचा, आणि घेताना वरच्या टोकाला वाटीच्या हाडाचा व खालच्या टोकाला नडगीच्या हाडाचा छोटा तुकडा तसाच ठेवायचा. बोगद्यात मग हाडाला हाड लागते आणि ते सहा ते आठ आठवड्यांत धरते. नुसत्या शिरेला हाडाशी एकजीव व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. नॉर्वेने २००४ मध्ये आणि पाठोपाठ डेन्मार्क व स्वीडनने एसीएलच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. त्या नोंदींमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण मागच्या शिरांच्या तुलनेत या पद्धतीत कमी आढळले. युरोप-अमेरिकेतल्या फुटबॉलपटूंना हीच पद्धत वारंवार सुचवली जाते, त्याचे हे कारण आहे. तिची मुख्य किंमत एकच आहे, पण आपल्या घरांत ती रोज मोजावी लागते: गुडघा जमिनीवर टेकवताना वाटीखाली दुखते, आणि काही जणांना ते वर्षानुवर्षे दुखत राहते.

मिरजेतला एक वाद्य-कारागीर माझ्याकडे येत असे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे बातम्यांतून सर्वांना माहीत झाले. ती सतार बनवणारा माणूस दिवसभर कसा बसतो, हे मात्र त्या बातम्यांत नव्हते. पावसाळ्यात मोटारसायकल घसरून त्याची एसीएल गेली होती. शस्त्रक्रियेआधी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला सवयीप्रमाणे बसून दाखवायला सांगितले. त्याने माझ्याकडची व्यायामाची गोल उशी उचलली, जमिनीवर बसला, भोपळा धरतात तशी ती दोन्ही पायांच्या बेचक्यात पकडली, मग घासकाम करताना एक गुडघा खाली टेकवून त्यावर शरीराचा भार कसा येतो तेही दाखवले. वर शांतपणे म्हणाला, की नमाजासाठी दिवसातून पाच वेळा गुडघे टेकावे लागतात, ते वेगळेच. त्या पाच मिनिटांत जे दिसले, ते एमआरआयच्या कोणत्याही रिपोर्टात आले नसते. मी ते सर्जनना कळवले आणि त्यांनी वाटीखालच्या शिरेचा विचार बाजूला ठेवून मांडीच्या मागची शीर घ्यायचे ठरवले. परदेशातल्या नोंदवहीतला आकडा खोटा नाही, पण तो खुर्चीवर बसून जेवणाऱ्या, खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसांच्या गुडघ्यांतून आलेला आहे. पंगतीत मांडी घालून बसणारा, उकिडवे बसून भांगलण करणारा आणि देवापुढे गुडघे टेकणारा माणूस त्या तक्त्यात बसवताना आणखी एक रकाना वाढवावा लागतो.

मांडीच्या मागच्या शिरांचे काम मी शस्त्रक्रियागृहात उभी राहून पाहिले आहे, आणि ते पाहिल्यापासून रुग्णांना समजावून सांगणे मला सोपे झाले. नडगीच्या वरच्या भागात आतल्या बाजूला तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेतात. तिथे दोन शिरा हाडाला येऊन चिकटलेल्या असतात. त्यांतली एक बोटाने उचलून सोडवतात आणि कडी असलेली एक लांब दांडी तिच्यावरून मांडीच्या दिशेने सरकवत नेतात. जरासा जोर, आणि वीतभरापेक्षा लांब, मोत्याच्या रंगाची, ओली चकाकणारी शीर हातात येते. तिच्या एका टोकाला लाल मांस चिकटलेले असते. शेजारच्या टेबलावर सहाय्यक डॉक्टर पोलादी पट्टीच्या बोथट कडेने ते मांस खरवडून काढतात, टोकांना जाड धाग्याने एकाआड एक टाके घालतात, शीर दुमडतात आणि मोजमापाच्या ठोकळ्यातल्या छिद्रांतून ओढून बघतात. छिद्रे अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने वाढत जातात. साडेसातच्या छिद्रातून ती सहज गेली, तर टेबलाभोवती क्षणभर कोणी बोलत नाही, कारण आठ मिलिमीटरहून बारीक शीर, विशेषतः विशीच्या आतल्या रुग्णांत, अधिक वेळा तुटते. मग दुसरी शीरही काढायची, किंवा आहे तीच आणखी एकदा दुमडून जाड करायची. शीर तयार झाली, की ती व्हँकोमायसिन या प्रतिजैविकात भिजवलेल्या कापडात गुंडाळून ताणावर ठेवतात. जंतुसंसर्ग टाळण्याचा हा साधा उपाय गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर पसरला आणि त्याने फार मोठा फरक पाडला.

या पद्धतीत गुडघा टेकता येतो, पुढे दुखणे कमी असते, छेदही लहान असतो. नडगीच्या बाहेरच्या बाजूला एक पट्टा बधिर होतो, त्याने रुग्ण घाबरतात. तो बधिरपणा त्वचेच्या एका बारीक नसेमुळे येतो आणि हळूहळू आकसत जातो. काढलेली शीर अनेकांत पालीच्या शेपटीसारखी पुन्हा वाढते, हे ऐकून तर लोक थक्क होतात. पण वाढलेली शीर पहिल्यासारखी काम करतेच असे नाही. गुडघा पूर्ण दुमडून टाच मागे खेचायची ताकद, म्हणजे पोटावर झोपून टाच बुडाला लावताना जी लागते ती, कमी राहते. चालायला, जिना चढायला, गाडी चालवायला ती लागत नाही. कुस्तीला लागते.

वाळवा तालुक्यातला एक तरुण पैलवान आपल्या वस्तादांबरोबर आला होता. साताऱ्या-सांगलीच्या पट्ट्याला कुस्ती नवी नाही; १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आणि हिंदकेसरी मारुती माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. तेव्हा गुडघ्याचे शास्त्र शिकलेला नसला, तरी गुडघा कशाकशाला लागतो हे वस्तादाला पाठ असते. मी सगळ्या पद्धती एकेक करून सांगत होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मॅडम, ते सगळं खरं. पण शीर काढणार कुठनं ते आधी सांगा. मागनं काढली तर पोरगं पायाची कैची घट्ट धरंल का? वाटीखालनं काढली तर मातीत गुडघा टेकंल का?" इतका नेमका प्रश्न मी या विषयावरच्या शिबिरांतही क्वचितच ऐकला आहे.

अशा वेळी तिसरी जागा विचारात येते. वाटीच्या वरच्या बाजूला, मांडीच्या पुढच्या चार स्नायूंची जी एक जाड शीर वाटीला येऊन मिळते, तिच्यातून नऊ-दहा मिलिमीटर रुंदीची पट्टी घेता येते. ही पद्धत जुनीच आहे, मात्र तिला खरा मान अलीकडे मिळू लागला. शीर जाड मिळते, वाटीखाली हात लागत नसल्याने टेकताना तुलनेने कमी दुखते आणि मागच्या शिरा शाबूत राहतात. उणीव अर्थातच पुढच्या मांडीत येते; पहिले काही महिने ती इतकी ढिली पडते, की पाय सरळ उचलून दाखवतानाही रुग्णाची हनुवटी थरथरते. वस्तादांना हे सांगितले तेव्हा ते चटकन म्हणाले, "पुढची मांडी व्हय? मग बैठका हायेतच की." शस्त्रक्रियेनंतर लगेच खोल बैठका मारायच्या नसतात, हे त्यांच्या गळी उतरवायला मला बराच वेळ लागला, पण त्यांचा हिशेब मुळात बरोबर होता. जी उणीव तालमीत भरून काढता येते, ती पत्करावी. सर्जननीही तोच कौल दिला.

भारतात आणि इंडोनेशियात आणखी एक जागा बरीच वापरली जाते: घोट्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी पेरोनियस लाँगस नावाची शीर. ती भरपूर जाड निघते आणि गुडघ्याभोवतीचे काहीच कमी होत नाही. आतल्या बाजूचे लिगामेंटही फाटलेले असेल, तर मांडीच्या मागच्या शिरा तिथे आधार म्हणून हव्याच असतात, तेव्हा ही निवड मला पटते. डोंगरावर, बांधावर, ओबडधोबड जमिनीवर रोज चालणाऱ्या माणसाच्या घोट्यातून काही काढून घेण्याआधी मात्र त्या घोट्याकडे नीट पाहावे, असा माझा आग्रह असतो.

शीर कुठून घ्यायची हे ठरले, की ती कुठे बसवायची हा भाग येतो, आणि तिथे रुग्णाला निवड नसते. तिथे सर्जनचा हात आणि नजर हेच सर्वस्व. पूर्वी नडगीतून पाडलेल्या बोगद्यातूनच सळई पुढे नेऊन मांडीच्या हाडातला बोगदा पाडत. काम झटपट होई, पण त्या वाटेने मांडीच्या हाडातले तोंड बरेचदा मूळ जागेपेक्षा वर जाई आणि नवी शीर जवळजवळ उभी बसे. अशी उभी शीर नडगीला पुढे सरकू देत नाही. फिरणे मात्र तिला रोखता येत नाही. तपासणीच्या टेबलावर गुडघा घट्ट वाटतो आणि मैदानात वळताना सटकतो. मग आतल्या बाजूच्या वेगळ्या छिद्रातून, गुडघा खूप दुमडून, मूळ लिगामेंट जिथे चिकटलेले होते नेमक्या त्याच ठशावर बोगदा पाडण्याची रीत रूढ झाली. मूळ एसीएलमध्ये तंतूंचे दोन जुडगे असतात, म्हणून जपानमधल्या सर्जननी आणि पिट्सबर्गच्या डॉ. फ्रेडी फू यांनी दोन वेगळ्या शिरा बसवण्याची पद्धतही जोमाने पुढे नेली. तिचे फळ रुग्णाच्या रोजच्या अनुभवात फारसे वेगळे दिसले नाही, आणि बहुतेक सर्जन एका शिरेकडे परतले. तरी त्या काळाने सगळ्यांना मूळ ठसा शोधायला शिकवले, हे मोठे काम झाले. माझ्याकडे पुन्हा सैल होऊन आलेले जे गुडघे मी पाहते, त्यांच्या एक्स-रेमध्ये स्क्रू स्वदेशी की परदेशी हे पाहून मला काही कळत नाही. बोगद्याचे तोंड कुठे आहे, हे पाहून पुष्कळ कळते. स्क्रू असो किंवा हाडाच्या बाहेरून अडकणारे धातूचे छोटे बटण असो, दोन्ही आपापले काम करतात, आणि त्यावर याहून अधिक शब्द खर्च करण्याची गरज मला वाटत नाही.

अलीकडच्या काळात ज्या एका गोष्टीने माझे मत खरोखर घडवले, ती म्हणजे बाहेरून दिलेला जास्तीचा टेकू. फ्रान्समधले लेमेअर १९६० च्या दशकातच मांडीच्या बाहेरच्या पडद्याची एक पट्टी वळवून गुडघ्याचे फिरणे आवरत असत. पुढे दुर्बिणीच्या काळात ती मागे पडली. २०२० मध्ये कॅनडा आणि युरोपातल्या केंद्रांनी मिळून केलेल्या चाचणीचे निकाल आले. १४ ते २५ वयाचे, पुन्हा तुटण्याचा धोका अधिक असलेले ६१८ रुग्ण त्यात होते. सगळ्यांना मागच्या शिरा बसवल्या, आणि निम्म्यांना बाहेरून ही पट्टीही दिली. दोन वर्षांत नुसत्या शिरेच्या गटात ११ टक्के शिरा तुटल्या, पट्टी दिलेल्या गटात ४ टक्के. कबड्डी खेळणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या आई-वडिलांशी बोलताना हे दोन आकडे मी नेहमी सांगते, आणि तुमच्या सर्जनना याबद्दल विचारा म्हणते. पट्टीमुळे बाहेरच्या बाजूला आणखी एक छेद येतो आणि पहिले काही महिने तिथे दुखते, हेही सांगते.

एवढे सगळे नीट जमून आले, तरी शस्त्रक्रियेनंतरचा काळ फसवा असतो. बसवलेल्या शिरेला सुरुवातीला रक्तपुरवठाच नसतो. तिच्यातल्या पेशी मरतात, बाहेरून नव्या पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरतात आणि वर्षभराहून अधिक काळ चाललेल्या या बदलातून शिरेचे हळूहळू लिगामेंट होते. साधारण दीड ते तीन महिन्यांच्या टप्प्यावर ती सर्वांत दुबळी असते, आणि नेमक्या त्याच सुमाराला सूज ओसरलेली, कुबड्या सुटलेल्या, चाल सुधारलेली असते. रुग्णाला वाटते आपण बरे झालो. नॉर्वेतल्या खेळाडूंवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणे जितके लांबवले, त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलेले आढळले. नऊ महिने ही मुदत आमच्या पोरांना फार जाचक वाटते. गावची यात्रा तोंडावर असते, मैदान ठरलेले असते, जोड लागलेली असते, आणि घरचेही म्हणतात की एक कुस्ती करून तर बघू दे. अशा वेळी मी कॅलेंडर दाखवत नाही, मांडी मोजून दाखवते. दुखावलेल्या पायाची पुढची मांडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के ताकदीला पोचली पाहिजे, एका पायावरच्या उड्या दोन्ही पायांवर सारख्या अंतराच्या पडल्या पाहिजेत, आणि उतरताना गुडघा आत झुकता कामा नये.

हे सगळे सुरू होते ते पहिल्याच दिवशी, खाटेवर. पट्ट्या बांधलेला पाय सरळ ठेवून मी वाटीच्या वर अंगठा टेकवते आणि म्हणते, मांडी आवळा. पहिल्यांदा काहीच होत नाही. मेंदूचा निरोप त्या स्नायूपर्यंत पोचतच नाही, कारण सांध्यातली सूज त्याला वाटेत अडवते. रुग्ण दातओठ खातो, दुसऱ्याच पायाची मांडी आवळतो, पोट आत ओढतो. मग केव्हातरी अंगठ्याखाली वाटी केसभर वर सरकते. ती सरकली, की शस्त्रक्रिया कोणत्याही पद्धतीने झालेली असो, मला त्या गुडघ्याचा भरवसा वाटू लागतो.

त्या पैलवानाची वाटी सरकायला मिरजेच्या कारागिरापेक्षा बरेच दिवस जास्त लागले, कारण त्याची शीर पुढच्या मांडीतूनच घेतलेली होती. कारागीर पाचव्या महिन्यात अर्धा दिवस बैठकीवर बसू लागला आणि आता पूर्ण दिवस बसतो. बसताना गुडघ्याखाली दुमडलेली घोंगडी घेतो, एवढाच फरक. पैलवानाला नऊ महिने होऊन गेले आहेत. उड्या सारख्या पडतात, टाच बुडाला लागते, मातीत गुडघा टेकतो, पण पुढची मांडी अजून ९० टक्क्यांच्या आत आहे. वस्तादांनी त्याला आखाडा खणायला आणि एका पायावर अर्ध्या बैठका मारायला लावले आहे, आणि मांडी भरेपर्यंत जोड लावायची नाही असे गावच्या यात्रा कमिटीला त्यांनी स्वतः जाऊन सांगितले आहे.